एक जून

काचेपलीकडून बँकेतला मुलगा म्हणाला,
‘मावशी, स्कोअर बसत नाही.’
ब्लाउज बसत नाही, हे मला कळतं.
पाठीत झोळ येतो, मुंढ्यात ओढतं,
उसवायचं, अर्धा इंच सोडायचा.
हे कुठून उसवायचं?

धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपला विजेच्या खांबावर कागद:
सिबिल दुरुस्त. दोन हजार. खात्रीशीर.
खाली नंबरांच्या चिठ्ठ्या, झालरीसारख्या कापलेल्या.
एक फाडून घेतली.
दोन दिवस ती पर्समध्ये राहिली,
रविवार पेठेतल्या अस्तराच्या बिलांत.

तिसऱ्या दिवशी मृणाल आली, साडीला फॉल लावायला.
कर सल्लागाराकडे नोकरीला आहे.
चिठ्ठी पाहून म्हणाली, ‘याला कशाला देता?
वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो त्यांनी.
प्रत्येक कंपनीनं. मागायचा फक्त.
तुमचाच आहे तो.’

माझा आहे, आणि मला माहीत नाही.
माझ्याबद्दल कुठेतरी लिहून ठेवलेलं,
मला न विचारता, माझ्या पाठीमागे,
आणि मीच मागायचा.

चौदा पानं निघाली.
झेरॉक्सवाल्यानं पानाला पाच घेतले.
अहवाल फुकट, कागद नाही.

पहिलं कर्ज शिलाई मशीनचं, दोन हजार नऊ.
महिन्याच्या चौकटी, चौकटीत शून्य शून्य शून्य.
पुढेही शून्य शून्य शून्य.
पोटात गोळाच आला.
मृणाल हसली. ‘इथे शून्य म्हणजे पैकीच्या पैकी.
एक दिवसही उशीर नाही.’
ह्यांच्या ऑपरेशनच्या महिन्यातही शून्य.
त्या महिन्यात मी काय विकलं
ते अहवालात नाही.

अकराव्या पानावर टीव्ही.
बेचाळीस इंची. पत्ता हडपसर, गाडीतळाच्या मागे.
तीस, साठ, नव्वद, मग चौकटी रिकाम्या.
नाव माझंच: प्रमिला र. खैरे.
जन्मतारीख माझीच: एक जून.

आता एक जूनचं सांगते.
शाळेत घालताना मास्तरांनी आईला विचारलं, केव्हाची?
आई म्हणाली, ज्वारी काढणीला आली होती तेव्हाची.
मास्तरांनी लिहिलं, एक जून.
आमचा अर्धा वर्ग एक जूनचा.
म्हणजे तिच्याही गावात एक मास्तर होता,
तिचीही आई काहीतरी म्हणाली असणार,
बाजरीचं, नाहीतर पुराचं,
आणि त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तक्रारीच्या रकान्यात मृणालनं टाइप केलं:
हे खाते माझे नाही.
मी म्हटलं, ‘ही बाई मी नाही, असं लिही.’
ती म्हणाली, ‘तसा पर्याय नाही.’

तीस दिवस म्हणाले होते. सव्वीस लागले.
टीव्ही गेला. आकडा वर चढला.
ओव्हरलॉकचा अर्ज परत दिलाय,
काचेपलीकडे आता दुसरा मुलगा बसतो.

पण दुपारी, पायाखाली मशीन चालू असताना,
ती येते डोक्यात.
हप्ते का थांबले? तिच्या घरी कोण आजारी होतं?
की टीव्ही पहिल्याच पावसाळ्यात बिघडला
आणि दुकानदारानं हात वर केले?
आणि माझी शून्यं, ती तर तिच्या पानांवर नाही ना गेली?
एखाद्या महिन्यात माझ्या जिवावर
तिला कोणी ‘बसतं’ म्हणालं असेल,
तर म्हणू दे.

परवा स्वारगेटला हडपसरची बस उभी होती.
खिडक्यांतून बघत राहिले, उगाच.
तिला मी ओळखणार कशी?

वाढदिवस मी कधी केला नाही,
खोट्या तारखेला कसला वाढदिवस.
आता दर एक जूनला अहवाल मागते.
पानं उलटते, चष्मा लावून, बोट ठेवून:
हे मी. हे मी. हेही मीच.
अकराव्या पानावर थोडी थांबते.